विद्यार्थ्याला कधी विचारले?

धागा : वैद्यकीय शिक्षण आणि प्रश्नावलीचा इतिहास

१/ आज वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी मोबाइलवरील प्रश्नावली भरून आपल्याला कसे शिकवले गेले ते कळवतो. मुंबई इलाख्यातील वैद्यकीय शिक्षणाच्या मुळाशीही एक प्रश्नावलीच होती. तिच्यात विद्यार्थ्याला मात्र स्थान नव्हते.

२/ १८२६ साली मुंबईत ‘नेटिव्ह मेडिकल स्कूल’ निघाले. प्रमुख होते डॉ. जॉन मॅक्लेनन. शिक्षण देशी भाषांतून होई. त्यासाठी मराठीत वैद्यकीय पुस्तकेही सिद्ध झाली. १८३२ मध्ये सरकारने ही शाळा बंद केली.

३/ पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १८३७ च्या सुमारास मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचे सचिव डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी इलाख्यातील देशी वैद्यकाची स्थिती जाणण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रश्न धाडले. आधी माहिती, मग योजना, असा तो क्रम होता.

४/ जुलै १८३८ मध्ये ग्रँट दापोडीस निवर्तले. त्यांचे स्मारक म्हणून मुंबईकरांनी वर्गणी उभारली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन सुरू झाले. मोरहेड पहिले प्राचार्य. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते.

५/ यानंतर दीर्घकाळ अध्यापनाची कसोटी एकच राहिली : परीक्षा. विद्यार्थ्याला काय आले नाही, हे परीक्षा सांगते. का आले नाही, हे सांगत नाही. खाटेभोवती गर्दी इतकी की रुग्णाला हात लावता आला नाही, ही गोष्ट गुणपत्रिकेत उमटत नाही.

६/ विद्यार्थ्यांकडून अध्यापकांचे पद्धतशीर मूल्यमापन करून घेण्याचा प्रयोग १९२० च्या दशकात अमेरिकेत रुजला. पर्ड्यू विद्यापीठातील हर्मन रेमर्स हे त्यातील अग्रणी.

७/ महाराष्ट्रात १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ पासून ‘नॅक’ने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण ऑनलाइन आणले. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते, हा त्याचा केंद्रबिंदू. मग ते करण्याची संधी मिळाली का, हे विद्यार्थ्यालाच विचारणे ओघाने आले.

८/ अडचण तंत्राची नाही, भयाची आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे, तेच प्रात्यक्षिकाचे गुण देणार. ऑनलाइन अर्जात हस्ताक्षर लपते, पण ईमेल पत्ता नोंदला गेला तर नाव उघडे पडते. नाव गुप्त राहील हा विश्वास नसेल, तर सगळे रकाने ‘उत्तम’ने भरतात.

९/ दुसरी मर्यादा : सत्र संपल्यावर विचारले तर लाभ पुढच्या तुकडीला. शिवाय लोकप्रिय शिक्षक आणि परिणामकारक शिक्षक नेहमी एकच नसतो. म्हणून अभिप्राय हा निवाडा मानू नये. तो निदानाचा आरंभ असावा.

१०/ प्रश्नावलीचे मोल तिच्या उत्तरांचे पुढे काय होते, यावर ठरते. मोरहेड यांच्या चौकशीपाठोपाठ महाविद्यालयाची योजना आली. आजच्या अभिप्रायानंतर काय बदलले, हे विद्यार्थ्यांना कळवले गेले नाही, तर पुढच्या वर्षी कोणी मनापासून लिहिणार नाही.

११/ याची किंमत अखेरीस रुग्ण मोजतो. आमच्या नवापूर-तारापूरच्या किनाऱ्यावर किंवा डहाणूच्या पाड्यावर रात्री एकटा असणारा तरुण डॉक्टर जे शिकला नाही, ते त्याला तिथे कोण शिकवणार? म्हणून त्याला वेळीच विचारावे आणि ऐकावे.

(समाप्त)