शितावरून भाताची परीक्षा

कामथडी हे भोर तालुक्यातील पुणे-सातारा रस्त्यालगतचे गाव. भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. भात शिजला का, हे पाहायला इथली गृहिणी एखादे शीत बोटांत चेपून बघते. सगळा भात कोणी चेपत बसत नाही. परीक्षांचा इतिहास वाचताना आम्हाला हे शीत वारंवार आठवते. परीक्षेने नक्की काय तपासायचे? मूल शिकले की नाही, की शाळा शिकवते की नाही? हे दोन प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांत मिसळत आले आहेत.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली लागू केली. इन्स्पेक्टरने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घ्यायची आणि निकाल पाहून शाळेला अनुदान द्यायचे. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते. त्यांनी या पद्धतीला सतत विरोध केला. मुले वाचनपुस्तक पाठ करून घडाघडा म्हणत; वाचता येत होते असे नाही. ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत लवकरच मुंबई इलाख्यातही आली.

१८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यातील मागणी सर्वांना ठाऊक असते. निकाल-पद्धतीविषयीचे त्यांचे मत मात्र फारसे सांगितले जात नाही. गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यास ही पद्धत मुळीच योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. कारणही व्यवहारी होते. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही.

याचा अर्थ फुल्यांना तपासणी नको होती असा नव्हे. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याच्या भेटीने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, अधूनमधून न कळवताही व्हावी, असे त्यांनी सुचवले. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये पगार असावा, हेही त्याच निवेदनात आहे. म्हणजे शाळा नीट तपासा, पण शिक्षकाची भाकरी मुलाच्या निकालाला बांधू नका. आयोगाने हे मानले नाही. अनुदानित प्राथमिक शाळांसाठी त्याने निकाल-पद्धतीचीच शिफारस केली. १९०४ च्या सरकारी ठरावानंतर ती मागे पडली.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ज्या गावात शाळाच नाही, तिथे परीक्षेचा वाद कसला घालणार?

वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धतीला शिक्षणावरील शाप म्हटले आणि पर्यायही दिला: काही निवडक मुलांच्या गटांचे नमुना-मापन करून शाळांचे काम तपासावे. म्हणजे शितावरून भाताची परीक्षाच.

पुढे २००१ पासून एनसीईआरटीने नमुना पाहण्या सुरू केल्या. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सुमारे ३४ लाख विद्यार्थी होते. दुसरीकडे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत ती वाट राज्यांसाठी पुन्हा खुली केली; महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. जुना वाद असा अजून चालू आहे.

नमुन्याची मर्यादा आपण ध्यानात ठेवावी. शीत सगळ्या पातेल्याचे प्रतिनिधी हवे; केवळ वरचेच घेतले तर तळाचा भात करपला की कच्चा, हे कळत नाही. तसेच, नमुन्यावरून अमुक एका मुलाविषयी काही ठरवता येत नाही. त्यासाठी वर्गातले रोजचे निरीक्षणच लागते.

पुढच्या चाचणीनंतर आपण एवढे करून पाहावे. मुलांच्या गुणांआधी प्रत्येक प्रश्न किती जणांचा चुकला, ते मोजावे. एखादा प्रश्न वर्गातील बहुतेकांचा चुकला असेल, तर तो धडा पुन्हा शिकवायला घ्यावा. शीत कच्चे लागले तर आपण शिताला बोल लावत नाही. जाळ आणि पाणी पाहतो.