"म्हणजे कोणापैकी?"

आपल्याकडे रत्नागिरीत नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले. गाव कुठचं? आणि आडनाव सांगितलं की, "म्हणजे कोणापैकी?" उत्तर मिळालं की विचारणारा निर्धास्त. समोरच्याचं खाणंपिणं, स्वभाव, लायकी सगळं त्याला कळलेलं असतं! ख्रिस्ती आहे म्हटलं तर तिसरा प्रश्न येतो, "हो, पण मूळचे कोण?"

हाच प्रश्न कधी स्वतःला विचारून बघा. 'मी अमुक' असं जे आपण धरून चाललोय, ते आपल्याला सांगितलं कोणी?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' यासाठी वाचावं. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा कहर होता. तो आला कुठून? १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं खूळ बसलं. म्हणजे बघा, एका माणसाची भीती घरादाराचा धर्म झाली, आणि 'शिवलं की मी विटाळते' ही त्या लहान मुलीची स्वतःबद्दलची खात्री झाली.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८६१, दापोली तालुक्यातलं करजगाव. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळलं. नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, पण सोवळं घेऊनच आल्या. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला, एकेक गाठ स्वतःच सोडवली, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर 'जुनं टाकलं, नवं घेतलं' एवढंच झालं असतं. पण टिळकांनी नव्यालाही तोच प्रश्न विचारला. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेबासारखं व्हायचं, हे येशूने सांगितलं की साहेबाने? ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले होते. ती वाट त्यांनी मोडली नाही. अभंग लिहिले, कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं गातात. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते संन्यासी वृत्तीने राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूच्या मागे येणाऱ्याला तिथे जागा होती. ९ मे १९१९ ला ते गेले.

शुभवर्तमानातला एक क्रम मला नेहमी विचार करायला लावतो. येशूने अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही, आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र. लायकी सिद्ध करायच्या आधीच नातं सांगितलं. आणि लगेच पुढे रानात सैतान काय म्हणतो? तू पुत्र असशील तर करून दाखव! त्याचा पहिला घाव 'मी कोण' यावरच आहे.

आपल्यावरही तोच घाव रोज पडतो. जात, मार्क, पगार, मुंबईला खोली आहे की नाही... करून दाखव, मग तू कोणीतरी. आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी फार मान वर करायचं कारण नाही. रविवारी एका प्याल्याभोवती जमतो, आणि सोयरीक जमवताना तोच तिसरा प्रश्न हळूच विचारतो.

मूळ विसरा असं म्हणत नाही. टिळकही विसरले नाहीत. पण गाव, आडनाव हा आपला पत्ता झाला. पत्ता म्हणजे माणूस नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी 'आम्ही असेच' किंवा 'आपल्याला कुठे जमणार' असं तोंडात आलं की जरा थांबा. हे कोणाचं बोलणं आहे? बापाचं, मास्तरांचं, गावाचं, की कोणाच्या तरी जुन्या भीतीचं?

आणि ज्याने घडवलं, त्याला कधी विचारलंय का?