चौदा पॉइंट चारची कुळकथा

इंजिन चालू ठेवायचे, मल्टिमीटरच्या दोन पिना बॅटरीच्या टर्मिनलांना लावायच्या आणि आकडा वाचायचा, ही गाड्यांच्या वायरमनची रोजची तपासणी. १४ ते १४.४ च्या मध्ये काही दिसले की तो म्हणतो, "चार्जिंग बरोबर आहे." १३ च्या खाली आले तर संशय अल्टरनेटरवर, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटरवर. बॅटरी मात्र बारा व्होल्टची म्हणून विकलेली असते. मग बाराच्या बॅटरीला चौदा पॉइंट चार कशाला, असे विचारले तर उत्तर येते, "तेवढे लागतातच." उत्तर चूक नाही. पण हे 'तेवढे' किती ते ठरायला जवळपास शंभर वर्षे गेली, आणि ठरल्यानंतरही ते फार दिवस एका जागी राहिले नाही.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या घालून गुंडाळले, पातळ सल्फ्युरिक ॲसिडात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. ती भरायला तो बुन्सेनचे दोन सेल एकापुढे एक जोडून वापरत असे. व्होल्टेज किती द्यावे हा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. दोन बुन्सेन सेल जे देतील ते द्यायचे, आणि पत्र्यांवरून बुडबुडे सुटू लागले की बॅटरी भरली असे समजायचे. खुद्द 'व्होल्ट' या एककाला १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत परिषदेत आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, म्हणजे बॅटरी त्याहून बावीस वर्षांनी थोरली.

ते बुडबुडे हेच या सगळ्या गोष्टीचे मूळ. पाणी फुटून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरतात. शिशाच्या सेलचे व्होल्टेज मात्र दोनच्या वर असते. म्हणजे कागदावर पाहिले तर ही बॅटरी टिकायलाच नको. तिने स्वतःतले पाणी स्वतःच फोडून संपवायला हवे. ती टिकते याला कारण शिशाचा एक आडमुठेपणा: त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजी सुटत नाही. सेलला साधारण २.३५ ते २.४ व्होल्ट मिळेपर्यंत शिसे दाद देत नाही, त्यापुढे मात्र पाणी जोरात फुटू लागते. आपले मेकॅनिक याला 'बॅटरी उकळते' म्हणतात. पाणी उडते, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते, प्लेटवरचा लगदा सुटून तळाशी बसतो.

मग भीतीपोटी व्होल्टेज कमी ठेवावे तर दुसरेच दुखणे. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते. चार्जिंग अपुरे राहिले तर त्यातले थोडे तसेच मागे उरते, आणि मध साखरावा तसे त्याचे खडे होत जातात. एकदा खडे झाले की ते सहजी परत विरघळत नाहीत. अशी बॅटरी दिसते धडधाकट, पण ताकद निम्मी. एकीकडे उकळणे, दुसरीकडे साखरणे, आणि मध्ये सेलमागे व्होल्टचा जेमतेम दहावा-विसावा भाग एवढीच वाट. बाराच्या बॅटरीत सहा सेल असतात, २.४ ला सहाने गुणले की १४.४ येतात. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, ती दोन आजारांमधली तडजोड आहे.

पहिली काही दशके ही तडजोड माणूस करीत असे. १८८० च्या दशकात शहरांतून डीसी विजेची केंद्रे निघाली आणि त्यांच्या तळघरांत काचेच्या मोठमोठ्या बरण्यांच्या रांगा लागल्या. दिवसा डायनॅमोने बॅटऱ्या भरायच्या, रात्री उशिरा यंत्र बंद करून त्यांच्यावर दिवे चालवायचे. स्विचबोर्डापाशी उभा असलेला माणूस हाताने ऱ्हिओस्टॅट फिरवी, हायड्रोमीटर बुडवून ॲसिडची ग्रॅव्हिटी पाही आणि ॲसिड दुधासारखे पांढरे दिसू लागले की चार्जिंग थांबवी. भरभरून चार्ज करताना सेल २.५ ते २.७ पर्यंत चढत. तेवढे व्होल्टेज दिव्यांच्या तारेवर सोडले असते तर बल्ब उडाले असते. म्हणून रांगेच्या टोकाचे काही सेल गरजेप्रमाणे आत-बाहेर घेण्याचा एक खास स्विच असे. चार्जिंग चालू असताना सेल कमी करायचे, बॅटरी उतरत चालली की एकेक वाढवायचा. एडवर्ड वेस्टनचे थेट वाचता येणारे भरवशाचे व्होल्टमीटर याच दशकाच्या अखेरीस बाजारात आले. त्याआधी 'व्होल्टेज सांभाळा' असे सांगून उपयोग नव्हता, कारण ते धडपणे दिसतच नव्हते.

माणसाला उभे करायला जागा नाही अशा ठिकाणी बॅटरी गेली आणि खरी पंचाईत झाली. ती जागा म्हणजे रेल्वेचा डबा. डब्याच्या आसावरून पट्टा घेऊन डायनॅमो फिरवायचा हे ठीक, पण गाडी कधी रांगणार, कधी धावणार. लंडनमधल्या डेप्टफर्डच्या जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात यावर काढलेला तोडगा मला या सबंध कथेत सर्वांत लाडका वाटतो, कारण त्यात विजेचे काहीच नाही. डायनॅमो डब्याखाली एका बाजूने असा टांगला, की ठराविक वेगाच्या वर ओढ वाढली की पट्टा घसरू लागे. गाडी कितीही पळो, डायनॅमो आपल्याच गतीने फिरे. गाडी थांबली की एक स्विच आपोआप तुटे, नाहीतर बॅटरीनेच डायनॅमोला मोटर करून फिरवले असते. आपल्याकडच्या जुन्या डब्यांतून हिंडलेल्यांना स्टेशनात गाडी थांबली की मंदावणारे दिवे आठवतील. धावताना दिव्यांमागे डायनॅमो असे, थांबल्यावर नुसती बॅटरी.

मोटारीत बॅटरी कायमची आली ती चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरमुळे, १९१२ च्या कॅडिलॅकपासून. हँडल मारण्याची कटकट गेली, पण प्रत्येक मोटारीत एक छोटे वीजकेंद्र आले आणि ते सांभाळणारा कोणी नव्हता. यावरचा स्वस्त उपाय होता तिसरा ब्रश. डायनॅमोचे नेहमीचे दोन ब्रश सोडून तिसरा अशा ठिकाणी बसवायचा, की वेग वाढला की त्याला मिळणारे व्होल्टेज घटते आणि डायनॅमोची फील्ड आपोआप ढिली पडते. यात एक मेख होती. हा ब्रश सांभाळे तो करंट, व्होल्टेज नाही. बॅटरी रिकामी असो वा काठोकाठ भरलेली, तिच्यात तितकाच करंट घुसत राही. फोर्डच्या मॉडेल टीला १९१९ पासून स्टार्टर मिळाला तो याच पद्धतीसह. म्हणून त्या काळी मालकांना सांगितले जाई, की भर दिवसा लांब जायचे असेल तर हेडलाइट लावून जा, म्हणजे जास्तीची वीज दिव्यांत खर्च होईल आणि बॅटरी उकळणार नाही. उन्हाळा आला की ब्रश थोडा मागे सरकवायचा, हिवाळ्यात पुढे. ऋतू पाहून चार्जिंग बदलण्याची ही अक्कल पुढे परत परत शिकावी लागली.

आपल्याकडे खेड्यांत वीज पोचायच्या आधी व्हॉल्वचे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि ती उतरली की तालुक्याच्या गावी चार्जिंगला जाई. तिथेही राज्य करंटचेच. बॅटऱ्यांची एक माळ जोडायची, वाटेत विजेचे बल्ब घालून करंट मर्यादेत ठेवायचा आणि रात्रभर सोडून द्यायचे. सकाळी सगळ्या उकळत असत. दुकानदार प्रत्येकीत डिस्टिल्ड वॉटर घाली आणि पैसे घेई.

करंटऐवजी व्होल्टेज धरून ठेवले तर बॅटरी आपला करंट आपणच ठरवते, हे कळले तेव्हा गोष्ट पालटली. रिकामी बॅटरी भराभर घेते आणि भरत जाईल तसतसा करंट आपोआप उतरतो. अमेरिकन अभियंता वुडब्रिज याने सांगितलेला एक आडाखाही याच वळणाचा: बॅटरीतून जितके अँपिअर-तास निघालेले असतील तितक्या अँपिअरपर्यंत खुशाल चार्ज करा, ती उकळणार नाही. वाटते तितके हे पुस्तकी नाही. खाली उतरलेल्या बॅटरीत मोठा करंट सोडायला अनेक मेकॅनिक भितात, आणि अगदी शेवटी, जिथे भ्यायला हवे तिथे, निर्धास्त असतात.

पण व्होल्टेज धरायचे कसे? विसाव्या शतकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ॲलन टिरिल याने थरथरत्या पॉइंटचा रेग्युलेटर केला. व्होल्टेज चढले की लोहचुंबक पॉइंट उघडतो, फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो, व्होल्टेज पडते, पॉइंट मिटतो. सेकंदाला डझनावारी वेळा. तो होता वीजकेंद्रांसाठी. ही थरथर मुठीएवढ्या डबीत बसवून ती बॉनेटखाली आणली ती लुकाससारख्या कंपन्यांनी. १९३० च्या दशकातल्या लुकासच्या डबीत दोन गुंडाळ्या असत: एक रेग्युलेटर, दुसरी कटआउट, म्हणजे रेल्वेतल्यासारखाच आपोआप तुटणारा स्विच. आपल्या गॅरेजांनी सबंध डबीलाच 'कटआउट' म्हणून टाकले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या अँबॅसॅडरबरोबर ही डबी आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे फिरली. डॅशबोर्डावरचा लाल दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडलेला असे. दोघांचे व्होल्टेज बरोबरीला आले की तो विझे. तो विझेना म्हणजे डबी उघडायची, पॉलिश पेपराच्या चिंधीने पॉइंट घासायचे.

या डबीत दोन बारीक करामती होत्या. रेग्युलेटरच्या लोखंडावर जाड तारेचे काही वेढे जास्तीचे असत आणि त्यांतून डायनॅमोचा करंट जाई. करंट जास्त झाला की पॉइंट लवकर उघडत, म्हणजे रिकामी बॅटरी डायनॅमोला जाळू शकत नसे. दुसरी करामत स्प्रिंगमागच्या द्विधातू पट्टीची. हवा तापली की पट्टी वाकून स्प्रिंगचा ताण कमी करी आणि डबी थोडे कमी व्होल्टेज देई. मॉडेल टीच्या मालकाने हाताने सरकवलेला ब्रश आता धातूची पट्टी सरकवत होती. आपल्या उन्हाळ्यात या पट्टीचे मोल फार होते, पण स्प्रिंग पकडीने वाकवून 'चार्जिंग वाढवून' देणाऱ्या हातांपुढे तिचे काही चालत नसे.

१९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून अल्टरनेटर सर्रास आला आणि डबीतले दोन प्रश्न आपोआप सुटले. सिलिकॉन डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून कटआउट गेला. अल्टरनेटरचा करंट त्याच्या घडणीमुळेच एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून करंटचा पहारेकरीही गेला. सांभाळायचे उरले फक्त व्होल्टेज. ते काम झेनर डायोड आणि दोन-तीन ट्रान्झिस्टरांनी घेतले, आणि १९६० चे दशक संपेपर्यंत सबंध रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात मावू लागला.

हे होईपर्यंत बॅटरी बदलत होती, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष होते. शिशाच्या जाळ्या मऊ पडतात म्हणून १८८१ च्या सुमारास सेलन या इंग्रजाने त्यांत अँटिमनी मिसळण्याची युक्ती काढली. जाळ्या ताठ झाल्या. पण बॅटरी जुनी होता होता हा अँटिमनी पॉझिटिव्ह प्लेटवरून सुटून निगेटिव्हवर जाऊन बसतो आणि शिशाचा तो उपकारक आडमुठेपणा मोडतो. हायड्रोजन लवकर सुटू लागतो. नव्या बॅटरीला मानवलेले १४.४ त्याच बॅटरीला तिसऱ्या-चौथ्या वर्षी उकळवतात ते यामुळे. म्हातारी बॅटरी जास्त पाणी पिते हे सगळ्यांना ठाऊक असते. दोष मात्र बहुधा चार्जरला मिळतो.

टेलिफोनवाल्यांना हे परवडणारे नव्हते. एक्स्चेंजमधली बॅटरी वर्षानुवर्षे चार्जरला जोडलेलीच असते आणि क्वचितच उतरते. तिला १४.४ च्या हिशेबाने ठेवले तर ती गंजून मरेल, म्हणून सेलमागे २.१७ ते २.२५ असे खालचे 'फ्लोट' व्होल्टेज रूढ झाले. बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि थॉमस यांनी १९३५ साली अँटिमनीच्या जागी कॅल्शियम घालून पाहिले, आणि तेवढ्याच व्होल्टेजला झिरपणारा करंट पुष्कळ कमी झाला. मोटारींच्या 'मेंटेनन्स फ्री' बॅटऱ्यांत हेच कॅल्शियम १९७० च्या दशकात आले. त्यांना पुरते भरायला १४.४ थोडे कमीच पडतात. आकडा पुन्हा हलला.

सीलबंद बॅटऱ्यांनी तो उलट्या बाजूला ओढला. जर्मनीत सोनेनशाइनने १९५० च्या दशकात जेलची आणि अमेरिकेत गेट्सने १९७० च्या दशकात काचेच्या धाग्यांत ॲसिड शोषून घेणारी बॅटरी काढली. आतल्या ऑक्सिजनचे आतच पुन्हा पाणी होते, पण तसे होताना उष्णता सुटते. गरम बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त करंट घेते, त्याने आणखी तापते. हे चक्र सुटले की बॅटरी फुगते. आता तापमानाकडे दुर्लक्ष परवडणारे नव्हते. २५ अंशांच्या वर दर अंशाला सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट उतरावे असा हिशेब आहे. चंद्रपूरच्या ४५ अंशांत सहा सेलांचे मिळून ते जवळजवळ अर्धा व्होल्ट होते: १४.४ च्या जागी १३.९. युनिट्रोडच्या यूसी३९०६ या चार्जर चिपमध्ये संदर्भाचे व्होल्टेजच दर अंशाला ३.९ मिलिव्होल्टने उतरते. लुकासची वाकणारी पट्टी तिथे सिलिकॉनमध्ये बसली आहे.

नव्या मोटारींत तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो आणि इंधन वाचवायला संगणक चार्जिंग मुद्दाम खाली-वर करतो. मीटरवर कधी १२.८ दिसतात, कधी १५, आणि बिचारा चांगला अल्टरनेटर बदलला जातो.

घरच्या इन्व्हर्टरमध्ये हा निवाडा अजून आपल्याच हातात आहे. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागच्या बाजूला एक छोटी सरकती कळ असते आणि तिच्यापाशी 'ट्युब्युलर', 'फ्लॅट', 'एसएमएफ' असे काहीतरी लिहिलेले असते. ट्युब्युलर बॅटरीच्या प्लेटांत अँटिमनी असतो, तिला वरचे व्होल्टेज आणि अधूनमधून पाणी लागते. एसएमएफ सीलबंद, तिला खालचे. बसवणारा बहुधा कळ कारखान्यातून आली तशीच ठेवून जातो. सीलबंद बॅटरी घेतली असेल तर तो जायच्या आधी ती कळ कुठे आहे ते बघून घ्यावे. उडालेले पाणी परत भरायला त्या बॅटरीला झाकण नसते.