कीटोचं मूळ उपवासात



पेण-रोहा म्हणजे भाताचा मुलूख. इथे सकाळी पोहे, दुपारी भात. अशा घरांतही हल्ली ‘कीटो’ शिरलं आहे, आणि सगळ्यांना ते वजन उतरवायचं नवं खूळ वाटतं. खरं तर ते शंभर वर्षांचं जुनं औषध आहे, आणि उपवासातूनच निघालं आहे.

1911 मध्ये पॅरिसला गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी फेफऱ्याच्या वीस रुग्णांना उपवास घडवून झटके कमी होतात का ते पाहिलं. पोटात अन्न नसलं की एखाद्या दिवसात यकृतातली साखर संपते, मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदूही त्यावर चालतो. पण लहान मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली: जेवण द्यायचं, पण जवळजवळ सगळं स्निग्ध, म्हणजे शरीराला उपवासच वाटेल. ‘कीटोजेनिक’ हे नाव त्यांचंच. 1938 मध्ये फेनिटॉइनची गोळी आली आणि हा आहार मागे पडला. 1990 नंतर तो पुन्हा वर आला, गोळ्यांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी.

आपल्याकडे मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी तो भारतीय मुलांवर वापरला. 2009 मध्ये शंभराहून अधिक मुलांचा अनुभव ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये छापून आला. हे सगळं तोलूनमापून चालतं. ठरलेल्या प्रमाणात 4 ग्रॅम स्निग्धाला बाकी सगळं मिळून 1 ग्रॅम. शिवाय मूतखडा, बद्धकोष्ठ, वाढ खुंटणं यांवर डॉक्टरांची नजर असते. त्या आयांना माझा नमस्कार. भाताच्या घरात मुलासमोर वेगळं ताट ठेवणं सोपं नाही.

वजनासाठीच्या कीटोत दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं चालतात. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे 38 ग्रॅम येतात. झाला दिवस! आणि त्या यादीतली अंडी, मश्रूम, लोणी आपल्याला वर्ज्य. उरतं तूप, खोबरं, पनीर. गंमत अशी की आपलं आयंबिल याच्या अगदी उलट: धान्य चालतं, पण तूप, तेल, दूध, दही काही नाही. तेव्हा ‘जैनांचं तप म्हणजे कीटोच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला ओळीच्या नऊ दिवसांचं ताट दाखवा.

हे सगळं वाचत बसले ते रोह्याच्या जाऊबाईंमुळे. त्या तीन महिने कीटोवर आहेत, वर कीटोनची पावडर घेतात, मधुमेहाची गोळीही चालू. म्हणाल्या, “शरीराला सवय झालीच आहे, यंदा अठ्ठाई करते.” मी गोळीचं नाव विचारलं. डापाग्लिफ्लोझिन.

या जातीच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत उपवास किंवा कीटो केलं तर रक्तात कीटोन साठून आम्ल वाढू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच हा इशारा दिला. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं ही लक्षणं. तपस्येचा थकवा समजून आपण ती अंगावर काढतो. पावडरीचं म्हणाल तर ती घेतल्यावर रक्तात कीटोन दिसतात, पण ते डब्यातले, आपली चरबी जळून झालेले नव्हेत. क्षाराच्या पावडरीत सोडियमही बरंच असतं, आणि जाऊबाईंना रक्तदाबही आहे.

त्यांनी पावडर ठेवून दिली आणि डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, अठ्ठाई नको. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तप ठरवायच्या आधी मला विचारा. महाराजसाहेबांनीही त्यांना बियासणाचं पच्चक्खाण दिलं. दोन वेळच्या त्या जेवणात भात आहे, मोजून.