रजिस्टरात न बसलेली लेकरं

वाढीच्या तक्त्यावर त्या पोराचा ठिपका कायम हिरव्या पट्ट्यात. उंची बरोबर, दंडघेर ठीक, लसी वेळेवर. माझ्या अंगणवाडीत त्याच्याइतकं धडधाकट लेकरू दुसरं नव्हतं. आणि हेच लेकरू तीन वर्षांचं होऊनही स्वतःच्या नावाला ओ देत नव्हतं. खिचडी वाढली की डाळीचा एकेक दाणा वेचून बाजूला काढायचा आणि मगच भात खायचा. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाणी हवं असलं तरी म्हणायचा, “दारव्हा, दारव्हा, दारव्हा,” अगदी एसटीच्या कंडक्टरच्या सुरात. आजीला विचारलं तर ती म्हणे, “त्याले काई नाई झालं, बाई. त्याचा बापही उशिरानंच बोल्ला होता.” माझं रजिस्टर आजीच्याच बाजूनं होतं. आमच्या कागदात तीव्र कुपोषणाचं सॅम होतं, मध्यम कुपोषणाचं मॅम होतं, पण हाक मारल्यावर न बघणाऱ्या पोरासाठी रकाना नव्हता.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा मी मागे जाऊन शोधू लागले. अशी लेकरं काही काल-परवा जन्माला आलेली नाहीत. मग पूर्वी त्यांची नोंद कुठे व्हायची?

आमचा वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मोजदाद सुरू झाली. १८८१ च्या जनगणनेत घरोघरी माणसाचं व्यंग विचारलं गेलं. वेड, जन्मापासूनचं मुकेबहिरेपण, आंधळेपण आणि महारोग, एवढ्या चारच गोष्टी. १९३१ पर्यंत हेच चार रकाने चालले. १८८१ मध्ये आमचा जिल्हा वणी नावानं ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. माझं ‘दारव्हा’वालं पोर तेव्हा असतं तर गणकानं त्याला मुका म्हटलं असतं की वेडा? बहुधा काहीच नाही. बापानं सांगितलं असतं, सगळे चांगले आहेत, लिहा.

ज्यांना घरात सांभाळणं अशक्य होई, त्यांच्यासाठी नागपूरचं वेड्यांचं इस्पितळ १८६४ पासून होतं. तिथला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे सूफी संत ताजुद्दीन बाबा. १८९२ मध्ये त्यांना तिथे ठेवलं, आणि लोक दर्शनाला इस्पितळाच्या फाटकाशी गर्दी करू लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना आपल्या वाड्यावर नेलं. त्याच्याही सहा-सातशे वर्षं आधी रिद्धपूरला महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू होते. त्यांना गावातले लोक वेडं राऊळ म्हणत, आणि आपल्या घरातलं अन्न त्यांनी उचलून खाल्लं की भाग्यही मानत. म्हाइंभटानं त्यांच्या चरित्रात बारीकसारीक लकबीही लिहून ठेवल्या. या दोघांना मी कुठला आजार चिकटवत नाही, ते पाप माझ्याकडून होणार नाही. मला दिसतं ते एवढंच, की जगावेगळं वागणाऱ्यासाठी आमच्या मुलखाकडे दोन जागा तयार होत्या, एक गादी आणि एक गजाआडची खोली. साध्या घरातलं साधं पोर या दोन्हींत बसत नव्हतं.

असं पोर गुरांमागे जाई. माझ्या लहानपणी गावात एक काका होते, गावची गुरं राखायचे. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसत. दीडशेक गुरांतली प्रत्येक गाय कोणाची, तिची आई कोणती, हे विचारा, न अडखळता सांगत. अडाण नदीकडे जायची त्यांची वाट ठरलेली. लग्नाच्या मांडवानं ती अडली तर दिवसभर गोठ्यातच बसून राहत. कारंज्याकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेला किती उशीर झालाय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. लोक हसत, पण बांधावर त्यांच्यासाठी भाकर ठेवत. कुणालाही त्यांना दवाखान्यात न्यावंसं वाटलं नाही. नेलं असतं तरी डॉक्टर काय सांगणार होता?

हे ऐकून शहरातले पाहुणे म्हणतात, पूर्वी गावं किती समजूतदार होती. मला राग येतो. त्याच काळात आमच्याच आळीत एक मुलगी माजघराच्या खांबाला सुती दोरीनं बांधलेली असायची. ती पळून जाई, रात्रभर ओरडे, अंगावर कपडा ठेवत नसे. पोरगा असता तर रानात सोडला असता. पोरीला कुठे सोडणार? गुराखी काकांची गोष्ट गाव अजून सांगतं. तिची कुणी सांगत नाही.

बाहेरच्या जगात काय चाललं होतं? १९२५ मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांचं नीट वर्णन लिहिलं, आणि जग ते विसरलं. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लेख लिहिला, पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्परगर यांनी. कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. आईबापांनी त्याला लहानपणी संस्थेत ठेवलं, मग वर्षभरात परत आणलं. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या लहानशा गावी तो ८९ वर्षं जगला, घरच्यांशी संबंध असलेल्या बँकेत त्यानं नोकरी केली, गोल्फ खेळला, देश हिंडला. २०२३ मध्ये वारला. त्याच्याबद्दल वाचताना मला सारखे आमचे काका आठवत होते. फरक इतकाच की त्याच्या आईच्या माहेरी बँक होती.

आणखी एक वाचून मात्र मी पुस्तक मिटलं. शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात दोष थेट आईबापांच्या, मुख्यतः आईच्या माथी मारला: आईची माया थंड, म्हणून मूल असं. आमच्या बोरी गावातल्या सासवा म्हणतात, ग्रहण पाळलं नाही, म्हणून मूल असं. दोघांनाही पुरावा लागला नाही. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच हे खोडून काढलं होतं. स्वमग्न मुलाचे ते बाप होते आणि हा मेंदूच्या घडणीचा मामला आहे असं त्यांनी मांडलं. तरी आमच्याकडे आजही ‘मोबाईल दिला म्हणून झालं’ ऐकू येतं, आणि तेही आईलाच ऐकवलं जातं.

आपल्या सरकारी कागदात स्वमग्नता यायला फार उशीर लागला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ही नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली. २०११ च्या जनगणनेत पुन्हा स्वतंत्र रकाना नाही. ‘इतर’मध्ये ढकला किंवा मतिमंद लिहा. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ झाले, त्यात ती बसली. त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टीही मान्य झाली: ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता, आणि ७० गुण म्हणजे ४० टक्के. ‘दारव्हा’वाल्या पोराला अखेर यवतमाळला नेलं, तेव्हा आजीनं मला विचारलं, “टक्के जास्त पडले तं चांगलं का वाईट, बाई?” मी म्हटलं, कागदासाठी चांगलं. न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. पण बोलायला शिकवणारी बाई विम्यासोबत गावात येत नाही. आठवड्यातून एकदा यवतमाळ म्हणजे आईचा त्या दिवसाचा रोज बुडाला. सोयाबीन काढणीत ही वारी थांबलीच.

२०१३ नंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत येऊ लागली. डॉक्टरांच्या यादीत स्वमग्नतेचं नाव होतं, पण ते येणार वर्षातून दोनदा, आणि लेकरू नेमकं त्या दिवशी घरी. म्हणून मी वजनाच्या रजिस्टरात पेन्सिलीनं एक रकाना ओढला: नाव घेतलं, पाहिलं की नाही. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, हे कुठल्या अहवालात जाणार? मी म्हटलं, कुठल्याच नाही, गाडी आली की डॉक्टरांना दाखवीन. अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांचा अधिकृत प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला.

माझ्या पेन्सिलीत सगळेच स्वमग्न निघाले नाहीत. एकाच्या कानाचा दोष होता. यंत्र बसलं आणि आता तो वर्गात इतका बोलतो की त्याच्या मॅडम मला रस्त्यात थांबवून तक्रार करतात. एक नुसताच लाजाळू. दोघांचे कागद झाले. एकीच्या घरी मात्र दारच उघडलं नाही; मुलगी मामाच्या गावी आहे म्हणाले, आणि आतून तिचा आवाज येत होता. नव्या सेविकेला मी ते घर दाखवलं आहे, आणि आजीशी आधी कापसाच्या भावाचं बोल, असंही सांगितलं आहे.