आईला हिंगाचा वास का येईना?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

फेब्रुवारी २०२१. अमरावतीत २२ तारखेपासून पुन्हा लॉकडाऊन लागला. मी घरीच, लॅपटॉपसमोर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन रे, हिंग जुना झाला का? वासच नाही येऊन राह्यला." मी डबी नाकाशी धरली. वास भप्पकन आला. दोन दिवसांनी अकोल्याहून मावशीचा फोन, तिचंही तेच. तेव्हापासून मला एक प्रश्न चिकटला: नाकात बिघडतं तरी नेमकं काय?

शोधता शोधता मी पोचलो थेट मुंबईला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे तिथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. जन्म केनियातला, आईवडील गोव्याचे, शिक्षण डब्लिनमध्ये. सिद्दिकींचं काम वाचून ही मुलगी मुंबईला आली. दोघांनी फळमाश्यांना इंग्रजी वाय आकाराच्या नळीत सोडलं: एका फाट्यात वासाची हवा, दुसऱ्यात साधी. ज्या माश्या चुकायच्या, त्या बाजूला काढायच्या आणि कोणत्या जनुकात बिघाड आहे ते शोधायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग असलेली कॉपी पकडून कोड समजून घेणं. हे काम १९७८ मध्ये छापून आलं. वासाचे रिसेप्टर तेव्हा कुणालाच सापडलेले नव्हते! ते लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना उंदरासारख्या प्राण्यात सापडले १९९१ मध्ये, आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

माणसात असे चालू रिसेप्टर साधारण ४००. जनुकं कळली, पण ते प्रथिन पेशीत बसलंय कुठे, हे बघायचं कसं? इथे अँटिबॉडी येते. प्रथिनाचा तुकडा सशाला टोचायचा. सशाचं रक्त त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. तिला चमकणारा रंग जोडून नाकाच्या पातळ कापावर टाकली की जिथे प्रथिन, तिथे उजेड. ग्रेप कमांडच म्हणा ना.

पण ग्रेप मारलेल्यांना माहीत आहे, पॅटर्न ढिला असला की नको त्या ओळी पण येतात. हे रिसेप्टर एकमेकांचे चुलतभाऊ. एकाला शोधायला पाठवलेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही जाऊन चिकटू शकते. त्यात प्रत्येक चेतापेशी बहुधा एकच प्रकार वापरते, म्हणजे एकेक प्रकार मोजक्याच पेशींत. आणि प्रयोगशाळेतल्या साध्या पेशीत घातले तर बरेचसे रिसेप्टर पृष्ठभागावर येतच नाहीत, आत अडकून पडतात. यावरचा जुगाड मला जाम आवडला: रिसेप्टरच्या टोकाला डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनची पहिली २० अमिनो आम्लं जोडायची आणि त्या शेपटीची भरवशाची अँटिबॉडी वापरायची. शेपटी पेशीबाहेर दिसली की समजायचं, रिसेप्टर पोचला. २००४ मध्ये आरटीपी१ हे मदतनीस प्रथिन सापडलं, तेव्हा कुठे ही वाहतूक सुधारली.

आणि कोविड? विषाणू ज्या एसीई२ या दारातून शिरतो, ते दार नाकातल्या कोणत्या पेशीवर आहे, हेही असंच रंगवून बघितलं गेलं. २०२० मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाला आणि इतरांना ते वास घेणाऱ्या चेतापेशींवर नाही, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर दिसलं. आधार देणाऱ्या पेशी परत तयार होतात. हे वाचलं त्या रात्री मी जरा नीट झोपलो. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग येईन म्हणतोस परत?" मी हो म्हणालो. खात्री नव्हती.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी कॉलवर असताना आतून आवाज आला, "दूध जळून राह्यलं ना बे!" गॅसवर दूध मीच ठेवलं होतं. पातेलं काळं ठिक्कर. मी कॉल म्यूट करून हसत बसलो.

मावशीला मात्र अजूनही कांदा परतला की रबर जळल्यासारखं वाटतं.