आजीचं गोंदण

परवा माळा आवरताना 'दहिसर २००४' लिहिलेली सीडी सापडली. अजून चालते, हे नवलच! आत आजीचा तो फोटो. नदीच्या पुलाजवळ उभी, हातात पिशवी, डोक्यावर पदर. फाईल ३८ केबीची.

कॅमेऱ्यातून निघाला तेव्हा हा फोटो २०४८ गुणिले १५३६, म्हणजे ३१ लाख ठिपक्यांचा होता. ठिपक्याला तीन बाइट धरले तर नऊ एमबीच्या वर. आणि आमचं कार्ड १६ एमबीचं! जेपेग नसतं तर त्यावर एकच फोटो मावला असता.

या जेपेगच्या मुळाशी बंगळूरला जन्मलेला माणूस आहे, हे मला फार उशिरा कळलं. नासिर अहमद. १९७२ मध्ये त्यांनी 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'च्या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी वाटली म्हणे! तरी ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. १९९२ चं जेपेग मानक त्यावरच उभं आहे.

युक्ती अशी. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारी छटा किती आणि बारीक नक्षी किती, ते ६४ आकड्यांत मांडायचं. मग नक्षीचे आकडे ढोबळ करायचे, वाण्याने पैसे सोडून रुपये धरावेत तसे. बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. रंगातले बारकावे तर आणखी सढळ हाताने सोडतात, कारण डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो.

अमेरिकेतल्या दादाला फोटो पाठवायचा होता. डायल-अपवर सव्वा एमबी चढवायला दहा मिनिटं सहज जायची, त्यात लाइन तुटायची, वर फोनचं बिल. मी फोटो ६४० गुणिले ४८० केला, क्वालिटी उतरवली आणि 'सेव्ह' दाबलं. 'सेव्ह अ‍ॅज' नव्हे, 'सेव्ह'. कार्ड आधीच पुसलेलं होतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि छापील अल्बम गेले. पुढच्या वर्षी आजी गेली. फ्रेमसाठी उरला हाच फोटो. दहा इंच रुंद प्रिंट काढली, तर इंचाला ६४ ठिपके. आजीचा चेहरा जेमतेम चाळीस ठिपके रुंद, म्हणजे पाच चौकोन! पदर ओळखू येतो, उभं राहण्याची ढब ओळखू येते. कपाळावरचं हिरवं गोंदण मात्र नाही. बारीक नक्षी, तीही रंगाची... हिशेबात पहिलं तेच सुटलं.

त्या गोंदणात तीन ठिपके होते की पाच, यावर आमच्या घरात आजही वाद आहे. आत्या, वाचत असशील तर तुझ्या लग्नाचा अल्बम एकदा बघ ना. त्यात आजी असेल तर मीच येऊन स्कॅन करीन. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढं पाठवू नकोस, तेही फोटो दाबूनच पाठवतं.